व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आले आहे, चौदावा आठवडा चालू आहे

अबोली यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते, वय २९, खासगी शाळेत शिकवते. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत जे रक्त घेतले त्याचा अहवाल परवा हातात आला. हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही या सर्वांपुढे काळजीचे काही नव्हते, पण मध्येच एका ओळीत ‘व्हीडीआरएल – रिअ‍ॅक्टिव्ह, १:८’ असे होते. डॉक्टरबाईंनी त्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढले, ‘टीपीएचए करून घ्या आणि मिस्टरांना घेऊन या’ एवढेच सांगितले आणि पुढच्या बाईंना आत बोलावले. हा सिफिलिसचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाचा तपास असतो, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळले.

मला आजवर जखम, पुरळ असे काहीही झालेले आठवत नाही. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास मधूनमधून होतो, एवढेच. शाळेतले स्वच्छतागृह अतिशय अस्वच्छ आहे आणि आम्ही सगळ्या शिक्षिका तेच वापरतो. शिवाय दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात माझा गर्भ राहिला नाही, तेव्हा मला दोन पिशव्या रक्त चढवले होते. यांपैकी कशातून हा रोग आला असेल का? त्या वेळच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मी काल शोधून काढले, तर त्यावर व्हीडीआरएलची नोंदच नाही.

माझे पती कामानिमित्त गुजरातमध्ये असतात आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही. सासूबाईंच्या हाती हा कागद पडला तर दोष कोणाच्या माथी येईल हे मला पुरते ठाऊक आहे. बाळाला काय होईल, आणि या वेळीही काही वाईट घडले तर पुन्हा दिवस राहतील की नाही, या विचारांनी झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावे.

शेवंती यांचा प्रतिसाद

अबोलीताई, मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझी बहुतेक नोकरी सरकारी रुग्णालयांत झाली. आधी एवढे ऐका की गरोदरपणात सापडणाऱ्या गंभीर आजारांमध्ये इतका स्वस्त, इतका जुना आणि इतका खात्रीचा उपाय असलेले आजार फार थोडे आहेत, आणि चौदाव्या आठवड्यात तो सापडणे ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

आता तो पसरतो कसा ते सांगते. सिफिलिसचा जंतू मळसूत्रासारखा पीळ असलेला आणि अत्यंत नाजूक असतो. शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर तो तग धरू शकत नाही, त्यामुळे शौचालयाचे भांडे, नळ, टॉवेल, कपडे, ताटवाटी किंवा एकत्र पोहणे यांतून तो येत नाही. तुमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल व्यवस्थापनाकडे तक्रार अवश्य करा, पण ती दुसऱ्या कारणांसाठी. हा रोग एकाच्या ओल्या व्रणाचा किंवा चट्ट्याचा दुसऱ्याच्या नाजूक त्वचेशी थेट संपर्क आल्याने होतो, आणि असा संपर्क बहुतेक वेळा शरीरसंबंधात येतो, मग तो योनीमार्गाने असो, गुदमार्गाने असो वा मुखाने. तोंडात व्रण असेल तर चुंबनातूनही तो लागू शकतो. रक्ताच्या पिशवीविषयीची तुमची शंका रास्त आहे, पण आपल्या देशात प्रत्येक पिशवीची सिफिलिससाठी तपासणी करणे रक्तपेढ्यांना बंधनकारक आहे आणि शीतकपाटात ठेवलेल्या रक्तात हा जंतू काही दिवसांतच मरतो. म्हणून तो मार्ग अतिशय विरळा समजावा. उरतो तो आईकडून वारेतून बाळाकडे जाणारा मार्ग, आणि आपल्याला आज रोखायचा आहे तो हाच.

‘मला तर काहीच झाले नव्हते’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकले आहे, आणि त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. संसर्गानंतर दहा ते नव्वद दिवसांत, साधारणपणे तीन आठवड्यांच्या सुमारास, जो पहिला व्रण येतो तो दुखत नाही. पुरुषाला तो दिसतो तरी. बाईला मात्र तो पुष्कळदा गर्भाशयाच्या तोंडावर किंवा योनीमार्गाच्या आत होतो आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाविना भरून येतो. जांघेत अवधाण आले तरी ते दुखरे नसते. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर न खाजणारे पुरळ उठते, ते तळहातांवर आणि तळपायांवरही दिसते, आणि उष्णता झाली असेल म्हणून त्यावर सब्जाचे पाणी पिऊन वेळ निभावली जाते. तेही आपोआप जाते. त्यानंतर रोग वर्षानुवर्षे शरीरात मुकाट राहतो. या मुक्या काळात त्याचा पत्ता फक्त रक्ततपासणीतून लागतो, आणि याच काळात अनेक स्त्रिया गरोदर राहतात. अंगावरून पांढरे जाणे हे मात्र सिफिलिसचे लक्षण नव्हे. त्याची कारणे निराळी असतात आणि ती स्वतंत्रपणे तपासून घ्यावीत.

बाळाविषयी. आम्ही शिकत होतो तेव्हा, वारेतला पेशींचा एक थर सोळाव्या आठवड्यापर्यंत गर्भाचे रक्षण करतो, असे परीक्षेत लिहिल्यावर गुण मिळत. ते चुकीचे ठरले. जंतू त्याआधीही वार ओलांडतो. उपचार झाला नाही तर गर्भपात, पोटात बाळ दगावणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन आणि जन्मजात सिफिलिस यांपैकी काहीही होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ११ लाख गरोदर स्त्रियांना हा संसर्ग होता आणि त्यातून ३ लाख ९० हजारांहून अधिक बाळंतपणांचा परिणाम वाईट झाला. रोग ताजा असेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता खूप मोठी असते, जुना होत जाईल तशी ती घटते, पण शून्य होत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमचे जे झाले ते यामुळेच झाले असे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. पाचव्या महिन्यातला गर्भपात सिफिलिसमुळे होऊ शकतो एवढे खरे, आणि म्हणूनच त्या वेळी ही तपासणी व्हायला हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

उपाय पेनिसिलीनचा. १९४३ मध्ये सिफिलिसवर त्याचा पहिल्यांदा यशस्वी वापर झाला आणि इतक्या वर्षांनंतरही हा जंतू पेनिसिलीनला दाद देतो, हे वैद्यकातले एक नवलच आहे. टीपीएचए पॉझिटिव्ह आले आणि लागण केव्हाची हे कळत नसेल, तर बेंझाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन आठवड्याच्या अंतराने तीन वेळा देतात. गरोदरपणात याला पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिन गर्भाला चालत नाही, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या गोळ्या आईला वरवर बऱ्या वाटल्या तरी बाळापर्यंत भरवशाने पोहोचत नाहीत. म्हणून कोणी ‘इंजेक्शन नको, गोळ्या घ्या’ असे म्हटले तर ऐकू नका. पूर्वी पेनिसिलीनची गंभीर अ‍ॅलर्जी झालेली असेल तर रुग्णालयात दाखल करून, हळूहळू मात्रा वाढवत शरीराला त्याची सवय करतात आणि मग पेनिसिलीनच देतात. खासगी डॉक्टर कधीकधी रिअ‍ॅक्शनच्या धास्तीने हे इंजेक्शन द्यायला कचरतात. तसे झाले तर ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.

राहिला पुन्हा दिवस राहण्याचा प्रश्न. सिफिलिस गर्भनलिका बंद करत नाही. ते काम परमा आणि क्लॅमिडिया या संसर्गांचे आहे, ते ओटीपोटात वर चढून सूज आणतात आणि नलिका चिकटवतात. मार्ग एकच असल्यामुळे ते सिफिलिसच्या जोडीने असू शकतात, म्हणून त्यांचीही तपासणी करून घ्या. केवळ सिफिलिस असेल आणि तो बरा झाला असेल, तर पुढची गरोदरपणे इतर कोणाहीसारखी निर्धोक होऊ शकतात.

काचपट्टी यांचा प्रतिसाद

शेवंतीताईंनी वैद्यकीय बाजू सांगितलीच आहे. मी प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा त्या ‘१:८’ विषयी लिहितो, कारण बहुतेक लोक त्याला आठपट आजार किंवा आठ टक्के आजार असे काहीतरी समजतात.

व्हीडीआरएलमध्ये आम्ही थेट जंतू शोधत नाही. रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, ५६ अंशांवर अर्धा तास तापवतो, काचपट्टीवरच्या वर्तुळात त्याचा थेंब टाकतो, त्यात कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे द्रावण मिसळतो आणि पट्टी यंत्रावर चार मिनिटे फिरवतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बारीक कण सुटेसुटे राहिले तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, त्यांचे पुंजके झाले तर रिअ‍ॅक्टिव्ह. त्यानंतर तेच सीरम निम्मे, पाव, अष्टमांश असे पातळ करत जातो आणि शेवटचे पुंजके ज्या पायरीवर दिसतात तो आकडा लिहितो. तुमचे पुंजके आठपट पातळ केल्यावरही दिसले, एवढाच त्याचा अर्थ.

कार्डिओलिपिनविरुद्धची ही प्रतिक्रिया इतर कारणांनीही होते. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपससारखे आजार, काही विषाणूजन्य ताप, आणि क्वचित नुसते गरोदरपण, यांत ती खोटी रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. मात्र अशा वेळी आकडा बहुधा लहान असतो. टीपीएचए ही थेट सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी आहे, म्हणून डॉक्टरांनी ती सांगितली. ती एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुतेकांची जन्मभर तशीच राहते, त्यामुळे पाच वर्षांनी कोणी ती पाहून तुम्हाला घाबरवले तर घाबरू नका. उपचार लागू पडला की नाही हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून ठरवतात, आणि तो दोन पायऱ्या उतरला, म्हणजे १:८ चा १:२ झाला, तर उतार खरा मानतात. एका पायरीचा फरक आमच्या हातूनही पडू शकतो. म्हणून पुढच्या सगळ्या तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने करा. एकदा व्हीडीआरएल आणि एकदा आरपीआर (याच जातीची दुसरी तपासणी) असे केलेत तर ते आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

गावचा माणूस यांचा प्रतिसाद

आमच्या भागात गरमीवर औषध देणारे एक जाणकार आहेत आणि त्यांच्या पुड्यांनी अनेकांचे व्रण आठवडाभरात सुकलेले मी पाहिले आहेत. इंजेक्शनाची भीती वाटत असल्यास हा मार्ग विचारात घेण्यास हरकत नसावी.

शेवंती यांचा प्रतिसाद

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. तो व्रण काहीही न घेता तीन ते सहा आठवड्यांत सुकतोच, त्यामुळे त्या मुदतीत दिलेल्या प्रत्येक पुडीला यश मिळते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात या रोगाला ‘फिरंग’ म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला अशी समजूत होती, आणि त्यावर पाऱ्यापासून केलेला रसकापूर देत. युरोपातही शतकानुशतके पाराच देत असत, कारण दोन्हीकडे दुसरे काही हाताशी नव्हते. आज हाताशी आहे. गरोदर बाईच्या पोटात पारा जाणे म्हणजे बाळाच्या मेंदूशी खेळ आहे, आणि त्या पुड्यांत नेमके काय असते हे देणारा सांगत नाही.

समुपदेशक यांचा प्रतिसाद

अबोलीताई, मी सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. हे क्लिनिक लैंगिक आणि प्रजनन मार्गाच्या आजारांसाठीच असते, तिथली तपासणी व औषधे मोफत असतात आणि तुमची माहिती घरच्यांना सांगण्याचा अधिकार आम्हाला नसतो. गरोदर स्त्रियांसाठी एकाच थेंबात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही पाहणारा संचही आता वापरतात. आधी फोनवर बोलायचे असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत बोचलेली ओळ सासूबाईंची आहे, म्हणून तिच्याविषयीच लिहिते. आमच्याकडे आलेल्या जोडप्यांमध्ये ज्याचा रोग आधी सापडतो त्याने तो आणला असे गृहीत धरले जाते, आणि गरोदरपणात रक्त फक्त बाईचे तपासले जात असल्याने सापडतो तो बाईचाच. ही खोड जुनी आहे. १८६८ साली इंग्रज सरकारने आपल्या देशात जो सांसर्गिक रोगांचा कायदा केला, त्यात सैनिकांना रोग होऊ नये म्हणून बायकांना पकडून त्यांची सक्तीने तपासणी होई आणि रोग आढळलेल्यांना लॉक हॉस्पिटलात कोंडले जाई, सैनिकांच्या वाट्याला मात्र तशी सक्ती नव्हती. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण घराघरांतली रीत तशीच राहिली.

रक्ताचा अहवाल आज रक्तात काय आहे ते सांगतो. ते कोणी आणले आणि कधी आणले हे तो सांगत नाही. जुना मुका रोग शरीरसंबंधातून सहसा पसरत नाही, पण गर्भाला मात्र वर्षानुवर्षे लागू शकतो. त्यामुळे एकाचे रक्त रिअ‍ॅक्टिव्ह आणि दुसऱ्याचे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असेही होते, आणि त्यावरून कोणी सुटत नाही की कोणी अडकत नाही. लग्नाआधीचा संसर्गही आज सापडू शकतो. म्हणून मी जोडप्यांना सांगते की भांडायचे असेल तर भांडा, पण दोघांची इंजेक्शने झाल्यावर.

पतींना सांगण्याची हिंमत होत नसेल तर ‘डॉक्टरांनी दोघांनाही बोलावले आहे, बाळासाठी तपासणी आहे’ एवढेच सांगून त्यांना घेऊन या, पुढचे बोलणे आमचे काम आहे. त्यांची तपासणी आणि गरज असल्यास उपचार झाल्याशिवाय तुमचा उपचार अपुराच समजा, कारण हा रोग एकदा होऊन गेल्याने पुढचे संरक्षण मिळत नाही आणि तो पुन्हा लागतो. तोवर संबंध टाळावेत, नंतर निरोध वापरावा. तांबी, गोळ्या किंवा शस्त्रक्रिया यांनी दिवस राहत नाहीत एवढेच; संसर्ग त्यांनी अडत नाही. निरोधाने झाकला न जाणारा व्रण असेल तर निरोधही पूर्ण पुरत नाही. घरात हात उगारला जाण्याची भीती असेल तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे पावले टाकू.

दुपारशेंडी यांचा प्रतिसाद

मी या वाटेने गेले आहे, म्हणून न राहवून लिहिते. सात वर्षांपूर्वी माझेही सहाव्या महिन्यात सापडले. ते इंजेक्शन दुखते, हे आधीच माहीत असलेले बरे. पांढरी भुकटी पाण्यात कालवल्यावर दुधासारखी दाट होते, जाड सुईने निम्मी एका कुल्ल्यात आणि निम्मी दुसऱ्या कुल्ल्यात देतात, आणि सिस्टर ते फार सावकाश ढकलतात, कारण घाई केली तर सुई तुंबते. दोन दिवस मी पाट घेऊन खाली बसू शकले नाही. पहिल्या इंजेक्शनाच्या रात्री थंडी वाजून ताप आला आणि अंग मोडून निघाले. मला वाटले औषध मानवले नाही, पण डॉक्टर म्हणाले की एकदम खूप जंतू मेल्यामुळे असे होते आणि ते एका दिवसात उतरते. तुम्हाला तसे झाले आणि पोट आवळल्यासारखे वाटले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा, असे मला बजावले होते.

मुलगी नववा महिना पूर्ण होऊन झाली. जन्मल्यावर तिचेही व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आले तेव्हा माझे पाय गळाले होते, पण ती माझीच प्रतिपिंडे वारेतून तिच्या रक्तात गेलेली होती. तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी होता, तिला तपासून एक इंजेक्शन दिले आणि सहाव्या महिन्यात तिचा अहवाल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह झाला. तिला अंगावर पाजायलाही कोणी मना केले नाही, फक्त स्तनावर जखम नाही ना ते पाहिले. ती आता पहिलीत आहे आणि ‘र’ म्हणता येत नाही याखेरीज तिच्यात काही कमी नाही.

अबोली यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मधले अकरा दिवस लिहू शकले नाही. टीपीएचए पॉझिटिव्ह आले. पतींना समुपदेशकांनी सुचवल्याप्रमाणे ‘बाळासाठी तपासणी’ असे सांगून नेले. त्यांचे व्हीडीआरएल १:१६ आले. बाहेरच्या बाकावर त्यांनी काही सांगितले, काही सांगितले नाही, आणि मी ठरवल्याप्रमाणे त्या दिवशी काही विचारले नाही. दोघांनाही पहिले इंजेक्शन त्याच दिवशी मिळाले. मला रात्री बारीक ताप आला, त्यांना बराच आला. सासूबाईंना रक्त कमी असल्याची इंजेक्शने असे सांगितले आहे.

एक शंका आहे. माझे दुसरे इंजेक्शन येत्या सोमवारी आहे, त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे आणि क्लिनिक बंद असेल. ते भाऊबीज उरकून पुढच्या आठवड्यात घेतले तर चालेल का?

शेवंती यांचा प्रतिसाद

पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. एखादा दिवस मागे झाल्याने बिघडत नाही, पण गरोदरपणात दोन इंजेक्शनांमधले अंतर वाढले तर तिन्ही पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागू शकतात. बाह्यरुग्ण विभाग बंद असला तरी ग्रामीण रुग्णालयाचा अपघात विभाग आणि प्रसूती कक्ष दिवाळीतही चालू असतो. शनिवारीच तिथे जाऊन सिस्टरना कागद दाखवा आणि बेंझाथिनच्या कुप्या शिल्लक आहेत ना ते पाहून घ्या, कारण हे औषध कधीकधी संपलेले असते. तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारायला तुमच्या हाती रविवार राहील. आणि प्रत्येक इंजेक्शनाची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून सही घ्या. बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ सर्वांत आधी तेच पाहतील की तिसरे इंजेक्शन प्रसूतीच्या चार आठवडे आधी पूर्ण झाले होते का.

अबोली यांचा प्रतिसाद

शनिवारी शाळा सकाळची आहे, सुटल्यावर परस्पर जाते. पहिल्या इंजेक्शनाची तारीख कार्डावर नाही, तीही त्याच वेळी लिहून घेते.